वजा केलेला माणूस

आमच्या वेधशाळेत लोखंडाला बंदी होती, आणि ती बंदी पाळायला लावायचं काम माझ्याकडे होतं. मी तिथला सुतार. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची एक लाकडी खोली, तिच्याभोवती शंभर पावलांचं मोकळं रिंगण, आणि रिंगणाच्या फाटकाशी माझी शेड. खोलीतला खिळान्‌खिळा तांब्याचा, बिजागऱ्या पितळेच्या, आणि सगळं माझ्या हातचं. आत जाणाऱ्याने किल्ल्या, घड्याळ, कमरेचा पट्टा, केसांतल्या पिना, जे काही असेल ते माझ्या टोपलीत टाकायचं आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. वेधशाळेचे संचालक, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, ते बड्या पाहुण्यांना खोली दाखवायला न्यायचे तेव्हा एका हाताने विजार धरून चालायचे. एकदा एका झुरळाने टाचणी गिळली आणि ते खोलीत शिरल्याबरोबर पडद्यावरच्या रेषेला उचकी लागली, हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. टाचणी अजून माझ्याकडे आहे.

इतका कडक कारभार कशासाठी, तर सूर्याकडून सतत एक वारा सुटलेला असतो. तो अंगाला लागत नाही, पण पृथ्वीच्या चुंबकत्वावर येऊन आदळतो आणि ते थरथरतं. ती थरथर म्हणजे आमची रेषा. खोलीतलं यंत्र ती रेषा अखंड काढत असतं. पण यंत्र हळूहळू बहकतं, म्हणून रोज सकाळी एका माणसाने आत जाऊन, दगडी खांबावरच्या दुर्बिणीला डोळा लावून, हाताने माप घ्यायचं आणि यंत्राला भानावर आणायचं.

तो माणूस म्हणजे शांतोबा. हे नाव आम्ही पाडलेलं. दर महिन्यातले सूर्याने सर्वांत कमी त्रास दिलेले पाच दिवस निवडायचे, त्यांना शांत दिवस म्हणायचं आणि अभ्यास त्यांच्यावर करायचा, अशी या लोकांची रीत आहे. शांतोबा नुसती रेषा बघून सांगायचे, "अकरा तारीख शांत. बारा नाही, बाराला दुपारी खोकला आहे." यंत्रं नंतर तेच सांगायची, पण तासाभराने.

त्यांनी लग्न केलं नाही. हे सगळं शिकवायला त्यांनी बहिणीची मुलगी धरली. पोरगी बाहेर शिकून, मोठी पदवी घेऊन आली, आणि मामाने तिला पहिल्या दिवशी काय सांगितलं? "पदवी टोपलीत टाक, तिला क्लिप लावलेली आहे." दोन वर्षं तिला हाताशी धरून शिकवलं. दारातून आत कसं यायचं, स्टुलावर कसं बसायचं, श्वास पूर्ण सोडून झाला की मगच आकडा कसा वाचायचा. "छातीत हवा असली की मान हलते, मान हलली की आकडा हलतो." ती हसायची. पण पुढे मी बघितलंय, ती फोनचा नंबर वाचतानासुद्धा आधी श्वास सोडते.

मग मामा गेले. झोपेतच, फारसा कोणाला त्रास न देता. नावाला शोभेसे.

तेराव्या-चौदाव्या दिवशी भाची माझ्या शेडशी आली. रंग उडालेला.

"सुतारकाका, सकाळी खोलीत माझ्याआधी कोणी जातं का?"

"माझ्या नाकाखालून? मुंगीसुद्धा नोंद करून जाते."

"उजाडल्यावर अर्ध्या तासाने रेषा खाली येते. मी आत एकटी असते. कोणीतरी आल्यासारखी खाली येते, वीस-बावीस मिनिटं तिथेच राहते आणि परत वर जाते."

"मग एखादी खुर्ची टाकून ठेव," मी म्हणालो. तिला हसू आलं नाही. मलाही नंतर ते बोलणं बोचलं.

पुढचे तीन-चार महिने वाईट गेले. सकाळचं माप तर घ्यायलाच हवं. ती आत जायची, दुर्बिणीला डोळा लावायची, आणि समोरच्या छोट्या पडद्यावर रेषा खचायला लागली की पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं तिला वाटायचं. मला सांगायची, "काका, मान वळवायची हिंमत होत नाही. आणि तुम्हाला खरं सांगू? माप कधी नव्हे इतकं बरोबर येतं."  एक दिवस मी फाटकाशी उभा होतो तर आतून तिचा आवाज आला, "या." बस, एवढंच. पाहुणा आल्यावर म्हणतात तसं.

ही माणसं भुताला फार दिवस भूत राहू देत नाहीत. तिने वह्या काढल्या, चार वर्षं खपली. त्याच सुमाराला सूर्यही गप्प झाला होता. दर अकरा वर्षांनी त्याच्यावरचे डाग संपतात आणि तो विसावा घेतो. तिने ताडलं की सूर्य गप्प असला की उगवतीला वरच्या हवेत एक बारीकसा प्रवाह वाहतो, एरवी तो गोंगाटात बुडून जातो. दरेक महिन्याचे पाच शांत दिवस घेतले, त्यांची सरासरी काढली, आणि रेषेतली ती खळगी काय सुरेख उमटली! उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवला की खळगी लवकर, हिवाळ्यात उशिरा उगवला की उशिरा. सूर्याच्या मागे शेपटासारखी. मग ती सूर्याचीच, दुसऱ्या कोणाची?

तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. खळगीचा शोध छापून आला. वेधशाळा बंद करून जागा दुसऱ्या कामाला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, ते थांबलं. साहेब विजार दोन्ही हातांनी धरून नाचायचे तेवढे बाकी राहिले. आता देशोदेशीच्या वेधशाळांच्या परिषदेत तिचं व्याख्यान होतं, आणि त्यानंतर आमची वेधशाळा पुढची वीस वर्षं चालू ठेवायची की नाही यावर सह्या व्हायच्या होत्या.

परिषदेला तीन दिवस उरले असताना तिने मला एक लांबलचक छापील चित्र आणून दिलं. "काका, याला लाकडी पेटी करा ना. वाकायला नको."

मी माप घ्यायला चित्र पाटावर पसरलं. खळगी हातभर मोठी करून छापलेली. खाली उतरताना तिला दोन पायऱ्या होत्या, बाजूला तिने बाणांनी नावं लिहिली होती: पहिला खांदा, दुसरा खांदा. मी ती पायऱ्यांची ओळ बघितली आणि माझ्या हातातली पट्टी खाली पडली.

मी ते चालणं ओळखत होतो. फाटकाशी उभं राहून, खोलीच्या उघड्या दारातून आठ वर्षं पाहिलेलं होतं. रेषा थोडी खाली येते, तिथे ते दार ढकलून आत येतात. मग सपाट जागा, तिथे चौकटीला हात लावून दम खातात. मग दुसरी पायरी, वहीच्या फळीपाशी. आणि मग एकदम तळ. स्टूल.

यातली एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. बारा वर्षांपूर्वी शांतोबा घसरून पडले आणि त्यांचा एक पाय गुडघ्यातून गेला. डॉक्टरांनी पायाला कॅलिपर दिला, लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्याशिवाय पाय उभाच राहीना. मी त्यांना पितळेचा करून दिला, तो तिसऱ्या दिवशी वाकला. लाकडाचा केला, तर म्हणाले, "मिस्त्री, हा माझ्याआधी कण्हतो." शेवटी एका सकाळी ते फाटकाशी आले, लोखंड घालून, आणि टोपलीकडे बघत उभे राहिले.

"मिस्त्री, आता मी स्वतःच लोखंड आहे. मला टोपलीत टाका."

"सर, आजच्यापुरतं दुसऱ्या कोणाला तरी..."

"दुसरं आहे कोण? भाचीची अजून सहा वर्षं शिक्षणाची आहेत. मापात एक दिवस खंड पडला की चाळीस वर्षांची रेषा तुटली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही बघितलं नाही असं करा. रेषेत मी दिसणार नाही, त्याची सोय मी केली आहे."

सोय काय ते मला कळलं नाही. ज्या मी एका आईला तिच्या बाळाच्या लंगोटाच्या पिनेवरून परत पाठवलं होतं, त्याच मी त्या दिवशी त्यांना फाटक उघडून दिलं. रोज देत राहिलो. भाची आल्यानंतरही ते शिकवायला म्हणून तिच्यासोबत आत जायचे, आणि पायजम्याखाली काय आहे ते तिला कधी कळू दिलं नाही.

मी चित्र गुंडाळून तिच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि हसली.

"काका, झुरळाची गोष्ट यापेक्षा चांगली होती."

आयुष्यभर थापा मारल्याचं फळ असं पदरात पडतं. मी म्हटलं, "बरं, थाप तर थाप. पण मला एवढंच सांग, तुझा सूर्य रविवारी सुट्टी घेतो का?"

"म्हणजे?"

"मामा सोमवार ते शनिवार यायचे. रविवारचं माप तुमच्या त्या टक्कल पडलेल्या मदतनिसाचं असायचं. रविवारी मामा कुठे असायचे?"

उत्तर तिलाच ठाऊक होतं. रविवारी मामा तिच्या घरी असायचे. बहिणीकडे जेवायला. लहानपणापासून, एकही रविवार चुकला नव्हता.

पाच शांत दिवसांच्या सरासरीत वार विरघळून गेले होते. तिने कधी वाराने बघितलंच नव्हतं. सूर्याचा अभ्यास करणारा माणूस वार कशाला बघेल? आता तिने चार वर्षांचे सगळे रविवार वेगळे काढले आणि पडद्यावर एकावर एक ठेवले. दोनशेहून जास्त सकाळी. रेषा पाटासारखी सपाट. एकाही रविवारी कोणी आलं नव्हतं.

 मग आम्ही लाकडी खोलीत गेलो आणि तिने नोंदयंत्राची पेटी उघडली. या लोकांच्या धंद्यात यंत्राने दिलेली पहिली नोंद म्हणजे अगदी कच्ची, कोणी हात न लावलेली, असं समजतात; तिच्यावर कोणी शंका घेत नाही. शांतोबांनी हात लावला होता तो तिच्याही आधी, पेटीच्या पोटात, जिथे कोणी डोकावत नाही तिथे. एकोणीस ओळींची आज्ञा. सूर्योदय काढायचा, त्यात अर्धा तास मिळवायचा, रविवार सोडायचा, आणि त्या बावीस मिनिटांत एका लोखंडी पायाच्या माणसाने रेषा जेवढी उचलली असती तेवढी खाली ओढायची. दार, फळी, स्टूल, सगळं मोजून. माथ्यावर लिहिलं होतं, "स्वतःला वजा." आणि शेवटी, "माझं येणं थांबलं की या ओळी काढाव्यात."

"हे सांगायला काय झालं होतं?" ती पेटीलाच म्हणाली. "किती वेळा म्हणाले, एक गोष्ट सांगायची राहिली आहे, रविवारी सांगतो. आणि रविवारी जेवून झोपायचे."

माणूस गेला, पण यंत्राला ते कोणी कळवलं नव्हतं. ते बिचारं रोज उजाडल्यावर त्यांची वाट बघत होतं, आणि ते आले असं समजून त्यांना रेषेतून वजा करत होतं. जो आलाच नाही त्याला वजा केलं तर मागे त्याच्या आकाराचा खड्डा उरतो. त्या खड्ड्यासमोर पोरगी चार वर्षं पाठमोरी बसली होती.

साहेबांना सांगावंच लागलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि सुतारकाकांना."

"मिस्त्रींचं सोडा, त्यांनी आग लागली म्हणून सांगितलं तरी लोक आधी चहा संपवतील." मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ बाळ, परिषद होऊन जाऊ दे. सह्या होऊ देत. सहा महिन्यांनी बारीक अक्षरात एक दुरुस्ती छापू. यात खोटं काय आहे? खळगी आहेच ना?"

"खळगी आहे. सूर्य नाही."

"तू आज खरं बोललीस तर तुझं नाव जाईल, वेधशाळा जाईल, आणि तुझ्या मामाचं नाव कायमचं लोखंडचोर म्हणून राहील. चालेल?"

 चालणार नव्हतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पहिली दोन तिने कदाचित सोसली असती. तिसरं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी तिने मला आत बोलावलं. माझ्या हातोड्या-छिन्न्या टोपलीत ठेवल्या, ती नेहमीसारखी पिना काढून आली. पेटी उघडी, त्या एकोणीस ओळी समोर. पुसायला एक कळ दाबायची होती.

"दाब," मी म्हटलं.

"आत्ता नको. यायची वेळ झाली आहे."

आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो, स्टूल मोकळं सोडून. खिडकीतून ऊन फळीवर आलं. रेषा हलली. थोडी खाली. दार. मग सपाट. दम खातायत. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. काय चाललंय ते मला पुरतं माहीत होतं, एकोणीस ओळींचं गणित चाललं होतं, तरी उभे राहिले. मग फळी. मग तळ. आता मी जे सांगतो ते ऐकून तुम्ही हसाल: स्टूल कुरकुरलं. ते स्टूल मी केलेलं आहे. माझी स्टुलं कुरकुरत नाहीत.

बावीस मिनिटं आम्ही तसेच भिंतीला टेकून होतो. एकदा तिने हळूच श्वास सोडला, पूर्ण, आणि खालच्या आवाजात आकडा वाचला. कोणाला ऐकवायला, कोण जाणे. आवाज तिचा होता, पण शेवटचा आकडा मामा ओढून म्हणायचे तसा ओढलेला.

रेषा वर चढली. फळी. दार. बाहेर.

"गेले," ती म्हणाली, आणि कळ दाबली.

परिषदेचं सभागृह मोठं, गार आणि गुळगुळीत होतं. मी मागे पेटी घेऊन बसलो. साहेब पहिल्या रांगेत, शेवटपर्यंत आशा धरून. भाची उभी राहिली, खळगी पडद्यावर दाखवली, आणि म्हणाली की ही सूर्याची नाही, हे माझे मामा आहेत. मग सगळं सांगितलं. कॅलिपर, फाटक, एकोणीस ओळी, रविवार. मामाने नियम मोडला हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "त्यांनी मला सगळं शिकवलं. हे एक सांगितलं नाही, कारण हे सांगायचं तर आत यायचं थांबवावं लागलं असतं. माझा शोध मी मागे घेते." आणि खाली बसली.

टाळी नाही, प्रश्न नाही. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि चहाची सुट्टी जाहीर केली. सह्यांचं काय झालं म्हणाल तर त्या दिवशी झाल्या नाहीत. पुढच्या वर्षीही झाल्या नाहीत. वेधशाळा बंद करायचा कागद अजून कोणाच्या तरी टेबलावर आहे, आणि तो वर आला की कोणीतरी त्याच्यावर दुसरा कागद ठेवतं. साहेब तिच्याशी महिनाभर चिठ्ठ्या पाठवून बोलत होते.

पण त्या चहाच्या सुट्टीत जे झालं ते सांगतो. भाची खिडकीशी एकटी उभी होती, हातातला चहा गार झालेला. मी तिच्याकडे जाणार एवढ्यात एक पांढऱ्या मिशांचा माणूस आला, इकडेतिकडे बघत. दबक्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडे दुपारी पावणेचारला काहीतरी होतं. दर मंगळवारी. आम्ही त्याला वाहतुकीचा अडथळा म्हणतो. आमच्याकडे रस्ताच नाही." त्याच्यामागे एक चष्मेवाली. तिच्यामागे दोघं. कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. दवाखान्यात नाजूक दुखणं दाखवायला आलेली माणसं उभी राहतात तसे ते रांगेत उभे राहिले, दरेकाच्या खिशातून आपापल्या रेषेचा घडी केलेला कागद निघाला. किती वर्षं खिशात ठेवले होते कोण जाणे. भाची दरेकाला एकच विचारत होती, "तुमच्या आधी तिथे कोण काम करायचं?"

सर्वांत शेवटी एक म्हातारी आली. कुठल्यातरी दूरच्या बेटावरची वेधशाळा ती एकटी सांभाळायची. तिच्या आधी तिचा नवरा सांभाळायचा, तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिने कागद उलगडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि हाताने सपाट केला.

"मला हे काढून नकोय," ती आधीच म्हणाली. "मला एवढंच बघून सांग, हा जातो कधी? दुपारी चारला येतो, ते मला कळतं. चार वाजायला आले की मी खोली बंद करून घरी निघते. आजवर कधी थांबले नाही."

भाचीने कागदावर बोट ठेवलं. श्वास सोडला. बोट रेषेवरून हळूहळू सरकत गेलं, चार, साडेचार, पाच, आणि एका जागी थांबलं.

"सहाला पाच कमी असताना," ती म्हणाली.

"दोन तास?" म्हातारीने चष्मा काढला आणि रेषेकडे रोखून बघितलं. "दोन तास बसतो? घरात कधी पाच मिनिटं टेकला नाही मेला!"